हिशेबनीस ठेवायचा का? : प्रकल्प नोंदी

३ सप्टेंबर

आज बिलं फाईलला लावता लावता वहिनी म्हणाली, "डिसेंबरपासून माझी नोकरी पूर्णवेळ होतेय. हिशेब माझ्याकडून होणार नाही. ऐनवेळी धावाधाव नको म्हणून आत्ताच सांगून ठेवते." दादा लगेच म्हणाला, "एक अकाउंटंट ठेवून टाकू." मी म्हटलं, "एवढ्याशा धंद्याला अकाउंटंट कशाला? चांगलं सॉफ्टवेअर घेऊ." उत्तरं दोघांचीही तयार होती. वहिनी नेमकं काय काय करते, हे मात्र कुणालाच धड सांगता येईना. म्हणून ही नोंदवही. नोव्हेंबर संपायच्या आत निर्णय झाला पाहिजे.

धंद्याचा आवाका असा: इमारतींच्या आतल्या वायरिंगची कंत्राटं घेतो. दोघे भाऊ भागीदार, एक फोरमन, थोडे कायमचे वायरमन, बाकी माणसं कामाप्रमाणे. एका वेळी तीन-चार साईट चालू असतात. माल बराचसा उधारीवर येतो. आपले पैसे रनिंग बिलांनी, म्हणजे काम जसं पुढे जाईल तसं, तुकड्यातुकड्यांत.

६ सप्टेंबर

वहिनीच्या शेजारी बसून तिच्या कामाची यादी केली. वेंडरचं बिल डिलिव्हरी चलनाशी ताडून पाहणं. पेटी कॅशची व्हाउचरं. हजेरीवरून पगार. आम्ही दिलेल्या मोजमापावरून रनिंग बिल टाईप करणं. बँकेच्या उताऱ्याशी वही जुळवणं. थकलेल्या बिलांसाठी फोन. कर कापून घेतला असेल तर त्याचे दाखले मिळवणं. वर्ष संपलं की सगळं गाठोडं करसल्लागाराकडे पोचवणं.

एक काम ती यादीत धरायलाच तयार नव्हती, कारण तिच्या मते ते कामच नाही: "भाऊजी, ही केबल कुठल्या साईटला गेली?" हा प्रश्न दिवसातून कितीदा तरी विचारणं.

यादीचे तीन ढीग केले. पहिला लिहिण्याचा. दुसरा लिहिलेलं खरं आहे का ते ताडून बघण्याचा. तिसरा त्या आकड्यांवरून धंदा कुठे चाललाय ते समजून घेण्याचा. पहिले दोन ढीग वहिनी उपसते. तिसऱ्याला कुणीच हात लावत नाही. करसल्लागार वर्षातून एकदा लावतो, तोही करापुरता. दादा "अकाउंटंट" म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पहिला ढीग असतो. मला वाटतं दुखणं तिसऱ्यात आहे. बघू.

१२ सप्टेंबर

बँकेचा उतारा आणि वही जुळेना. फरक २७०. मी सगळी पानं पहिल्यापासून तपासायला बसणार, तेवढ्यात वहिनी म्हणाली, "थांबा. नऊने भाग जातोय." शेजारशेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. २७० म्हणजे शतक आणि दशक स्थानच्या अंकांची अदलाबदल, आणि त्या दोन अंकांत ३ चा फरक. मग तिने फक्त तशाच रकमा बघितल्या. क्लॅम्प आणि स्क्रूचं बिल होतं १,८५० चं, वहीत पडलं होतं १,५८०. सापडायला चहा निवायचाही वेळ लागला नाही.

ही युक्ती कुठलाही बरा हिशेबनीस जाणतो. व्हेनिसचे व्यापारी द्विनोंदी पद्धतीने, म्हणजे प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा असा दोन्हीकडे लिहून, वह्या ठेवतच होते. लुका पाचोली या गणिती धर्मगुरूने ती पद्धत १४९४ मध्ये छापून जगापुढे मांडली. पाचशेहून अधिक वर्षं घासून गुळगुळीत झालेली विद्या आहे, तिच्यासाठी माणूस मिळतो. त्यामुळे पहिले दोन ढीग बाहेरच्या माणसाकडे देता येतील, याबद्दल आता शंका नाही.

पण वहिनीने जाता जाता आणखी एक सांगितलं. गोदामाची केबल दवाखान्याच्या नावावर टाकली तरी तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमेचा ताळा, जुळते. नावे-जमा बरोबर, बेरीज बरोबर, आणि दोन्ही साईटचा नफा खोटा. म्हणजे वही जुळली एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही.

१९ सप्टेंबर

फोरमनची हजेरीपत्रकं काढून बसलो. साईटच्या रकान्यात "गोदाम", "दवाखाना", "शाळा" असं आहे, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या गोल अक्षरात लिहिलंय: "सगळीकडे".

विचारलं तर म्हणाला, "साहेब, सकाळी गोदामात होतो. दुपारी शाळेतनं फोन, एमसीबी ट्रिप होतोय. दोघं तिकडे गेलो. येताना दवाखान्यात पाईप टाकले. आता काय लिहू?"

त्याचंही बरोबर आहे. रकाना एक, जागा तीन. मग ही सगळी मजुरी "मजुरी" नावाच्या एकाच खात्यात पडते आणि कुठल्या कामाने किती खाल्ली हे कायमचं पुसलं जातं.

शाळेचं काम मागच्या वर्षी पुरं झालं. दादा त्याला अजूनही आपलं सगळ्यात चांगलं काम म्हणतो, कारण फायनल बिल भांडणाशिवाय पास झालं. पण काम हमीकाळात आहे आणि माणसं अधूनमधून तिकडे जातच असतात. फोरमनची आठवण आणि फोनमधले निरोप यांवरून ती मजुरी शाळेच्या नावावर लावून पाहिली. नफा आहे, पण दादा सांगतो तेवढा नाही. सांगतो त्याच्या जवळपासही नाही.

दादाला हे रुचलं नाही. "परत गेलो ते आपलं नाव राखायला. तो काय खर्च म्हणून मोजायचा?" मोजायचाच. पुढच्या कोटेशनमध्ये हमीकाळाच्या फेऱ्यांसाठी काही धरायचं की नाही, हे त्याशिवाय कसं ठरवणार?

हजेरीपत्रक उद्यापासून बदलतोय: माणूस, सकाळचा अर्धा दिवस कुठे, दुपारचा कुठे. दोन रकाने, प्रत्येक साईटला एक अक्षर. "सगळीकडे" बंद. यासाठी अकाउंटंट लागत नाही, आणि हे नसेल तर कितीही हुशार अकाउंटंट आणला तरी त्याला काही करता येणार नाही.

२७ सप्टेंबर

आजची नोंद लांबणार आहे. या सगळ्या शोधाचं मूळ बहुतेक इथेच आहे.

गोदामाचं काम निम्म्यावर आलंय. बँकेत शिल्लक चांगली दिसते म्हणून दादाला नवीन कोअर कटिंग मशीन घ्यायचंय. मी हिशेब मांडला. खरे आकडे इथे नकोत, कंत्राटाची रक्कम १०० धरतो.

काम घेताना खर्चाचा अंदाज ८०, म्हणजे नफा २०. सुरुवातीला आगाऊ मिळाले १०. प्रत्येक बिलातून १० टक्के त्या आगाऊच्या वसुलीपोटी आणि ५ टक्के रिटेन्शन, म्हणजे काम देणारा मालक राखून ठेवतो ते पैसे, कापलं जातं. आजवर बिल केलं ६० चं. त्यातून ६ आणि ३ कापून हातात आले ५१. आगाऊ धरून एकूण आले ६१. खर्च झाला ४०, पण त्यातले ८ वेंडरचे अजून द्यायचेत, म्हणजे गेले ३२. शिल्लक २९.

दादा बघतो ते हे २९.

आता दुसऱ्या बाजूने. ८० पैकी ४० खर्च झाले, म्हणजे काम निम्मं झालं, म्हणजे आपण कमावले ५०. खर्च ४० वजा केला की आजवरचा नफा १०. मग बाकीचे कुणाचे? बिल ६० चं केलं आणि काम ५० चं झालंय, म्हणजे १० चं काम आपण मालकाला देणं लागतो. आगाऊतले ४ अजून वळते व्हायचेत. वेंडरचे ८. एकूण २२ दुसऱ्यांचे. २९ मधून २२ गेले की राहिले ७, आणि नफ्यातले उरलेले ३ रिटेन्शन म्हणून मालकाकडे अडकलेले. ७ आणि ३, झाले १०. हिशेब पैशापैशाला जुळतो.

तर मशीन घ्यायचं ते ७ मधून, २९ मधून नाही.

आणि हे ७ सुद्धा खर्च ८० वरच थांबला तर. तांब्याचे भाव चढले की केबल महागते. समजा एकूण खर्च ८८ वर जाणार असेल, तर ४० खर्चून काम निम्मं झालेलंच नाही, साधारण ४५ टक्के झालंय. आजवरचा नफा १० वरून साडेपाचच्या खाली येतो. बँकेतली शिल्लक मात्र २९ च राहते, ती काहीच सांगत नाही. एकूण खर्च १०० च्या वर जाणार असं दिसलं, तर येणारा सगळा तोटा आजच धरायचा असतो. काम जसजसं होईल तसतसा थोडा थोडा नाही.

हे गणित माझं नाही. आंतरराष्ट्रीय हिशेब मानकांत बांधकाम कंत्राटांसाठी पूर्वी आयएएस ११ होतं, १ जानेवारी २०१८ पासून त्याची जागा आयएफआरएस १५ ने घेतली. काम किती पुढे गेलं हे झालेल्या खर्चावरून मोजायची रीत दोन्हींत आहे. एक पोटनियम आमच्या अगदी कामाचा आहे: माल साईटवर येऊन पडला, पण बसवला नाही, तर त्याचा खर्च "झालेल्या कामात" धरून फसू नये. केबलचे ड्रम आले त्या दिवशी आमचं काम एकदम पुढे गेल्यासारखं दिसतं ते याचमुळे. आमच्याएवढ्या धंद्याला ती मानकं बंधनकारक आहेत की नाहीत हा प्रश्न निराळा. गणित वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.

यातून एक कसोटी हाती लागली. काम त्याच दिवशी पुरं होतं, पैसे त्याच दिवशी येतात, उधारी नाही, अशा माणसाला बँकेचं पासबुक बऱ्यापैकी खरं सांगतं. त्याला वर्षाअखेरीच्या विवरणपत्रापलीकडे कुणाची गरज नाही, उलाढाल कितीही असो. पण काम महिनोन् महिने चालतं, पैसे कधी आधी येतात तर कधी नंतर, आणि अशी कामं एकावर एक चढलेली आहेत, तिथे पासबुक दिशाभूल करतं. एका साईटचं आगाऊ दुसऱ्या साईटच्या पगाराला जातं आणि कुणाला कळतही नाही. नवीन कामं येत राहतात तोवर गाडं चालतं. एखादा महिना नवीन काम आलं नाही की सगळं एकदम उघडं पडतं. कंत्राटी धंदे भरल्या ऑर्डरबुकात बुडतात ते असे.

म्हणजे उलाढाल किती हा प्रश्नच दुय्यम. काम आणि पैसा यांच्यात किती अंतर पडतं, आणि अशी किती कामं एकाच वेळी उघडी आहेत, हे बघायला हवं.

२ ऑक्टोबर

छोटी नोंद. दादाच्या गाडीचा हप्ता आणि माझ्या घरचं वीजबिल धंद्याच्या खात्यातून जातं. भागीदाराची उचल म्हणजे खर्च नव्हे. ती खर्चात मिसळली की धंदा आहे त्यापेक्षा गरीब दिसतो आणि कर अधिकाऱ्यापुढे उत्तर द्यायची वेळ येते ती वेगळीच. दोघांची ठराविक उचल दर महिन्याला आपापल्या खात्यात, बाकी व्यवहार तिकडून. दादा कुरकुरला, पण झालं.

९ ऑक्टोबर

दोन अकाउंटंटना भेटलो.

पहिल्याने उलाढाल विचारली, कर्मचारी किती ते विचारलं, फी सांगितली. "सगळं आमच्याकडे सोपवा, तुम्हाला काही बघायलाच नको." दादा खूश. मला तेच वाक्य खटकलं. कंत्राटी धंद्यात मालकाला काही बघायलाच नको, असा हिशेब असूच शकत नाही.

दुसऱ्या बाई. त्यांनी उलाढाल नंतर विचारली. आधी म्हणाल्या, "चालू कामांची यादी आहे का? प्रत्येक कामाचे चार आकडे: ठरलेली रक्कम, आजवरचं बिल, आजवरचा खर्च आणि उरलेल्या कामाला अजून किती लागेल." पहिले तीन होते, कसेबसे. चौथा नव्हता. तो आम्ही काम घेताना एकदा काढतो, पुन्हा त्याकडे बघत नाही.

"चौथा रकाना मला भरता येणार नाही," बाई म्हणाल्या. "तो तुमच्या फोरमनला येईल. मी फक्त दर महिन्याला मागत राहीन."

मग त्यांनी असा एक प्रश्न विचारला जो आमच्या तिघांपैकी कुणाच्याच डोक्यात नव्हता. कामाप्रमाणे येणारी माणसं रोजंदारीवर आहेत की पोटकंत्राटदार? कागदावर काय लिहिलंय यावर ते ठरत नाही. वेळ कोण ठरवतं, हत्यारं कुणाची, देखरेख कुणाची, हे बघितलं जातं. चूक निघाली तर मागचा कर आणि देणी आपल्या अंगावर येतात. हे लिहिणाऱ्या हिशेबनिसाचं काम नाही, सल्ल्याचं आहे. आणि असा प्रश्न वेळेवर विचारणारं कुणी नसणं, हेच आजवर महागात पडण्याची शक्यता होती.

निघताना त्यांनी स्पष्ट सांगितलं, "विवरणपत्र मी तयार केलं तरी त्यावरची जबाबदारी तुमचीच. वाचून सही करा."

पूर्णवेळ माणसाबद्दल त्यांचं मत: एवढ्या कामाला गरज नाही. स्वतःचं गिऱ्हाईक वाढवण्याऐवजी असं सांगितलं, हेही त्यांच्या बाजूने नोंदवतो.

१७ ऑक्टोबर

सॉफ्टवेअर वापरून पाहिलं. माझा हट्ट होता, म्हणून मीच बसलो. बँकेच्या नोंदी आपोआप ओढतं, त्यामुळे १,८५० चं १,५८० होण्याचा प्रश्न बँकेच्या बाजूने मिटतो. बिलाचा फोटो काढून लावता येतो. येणं किती दिवस थकलंय ते दिसतं. एवढ्यासाठीसुद्धा घ्यावं.

पण प्रत्येक बिलापुढे ते विचारतं: कुठलं काम? तिथे अडलं. वेंडरच्या बिलावर साईटचं नावच नाही. म्हणजे वहिनीचा "भाऊजी, ही केबल कुठे गेली?" आता स्क्रीन विचारणार, एवढाच बदल. मालाची ऑर्डर देतानाच साईटचं अक्षर सांगायचं आणि वेंडरने ते चलनावर लिहायचं, असं ठरवलं. दोन वेंडर लगेच तयार झाले. तिसरा म्हणतो, आमच्या बिलात जागा नाही. त्याचं चलन फोरमन हाताने अक्षर घालून घेईल.

२४ ऑक्टोबर

खर्चाचा विषय निघाला आणि घरात जरा तणातणी झाली.

दादा म्हणाला, "माणूस ठेवायचा म्हणजे नवीन खर्च. इतकी वर्षं फुकटात होत होतं." वहिनी तिथेच होती. ती काही बोलली नाही, पण मला बोलावंसं वाटलं. फुकटात काहीच होत नव्हतं. एक माणूस आपल्या नोकरीनंतरची संध्याकाळ त्यात घालत होता आणि त्याची किंमत आपण कुठे लिहीत नव्हतो. कोटेशन काढताना ओव्हरहेडमध्ये ऑफिसचं भाडं धरतो, गाडीचं इंधन धरतो, फोन धरतो, हिशेबाची मजुरी शून्य. याचा अर्थ आजवर प्रत्येक काम आपण थोडं स्वस्त दिलं आणि ती सूट वहिनीने आपल्या खिशातून दिली.

शेवटी ठरलं: डिसेंबरपर्यंत वहिनीला धंद्यातून मोबदला, नवीन माणसाला जो दर देऊ त्याच दराने. मागच्या वर्षांचं काय, ते दादा आणि ती बघतील. ओव्हरहेडची टक्केवारी पुढच्या कोटेशनपासून वाढेल. एखादं काम हातचं जाईल. जाऊ दे.

वहिनीचं यावरचं एकमेव वाक्य: "ते सगळं ठीक, पण दवाखान्याचा कर कापल्याचा दाखला अजून आलेला नाही, आधी तो आणा."

७ नोव्हेंबर

बाहेरचा माणूस हिशेब लिहिणार म्हटल्यावर काही कुलपं आधी लावायला हवीत. लिहिणाऱ्याने चेकवर सही करायची नाही, ऑनलाइन पेमेंटही मंजूर करायचं नाही. बँकेचा उतारा थेट माझ्याकडे येईल. नवीन वेंडर वहीत चढवायचा तर आमच्यापैकी एकाची मान्यता. पगाराआधी हजेरीवर फोरमनची सही, आणि अधूनमधून मी साईटवर जाऊन डोकी मोजणार. छोट्या धंद्यात पैसे जातात ते याच वाटांनी: नसलेला वेंडर, नसलेला मजूर, दोनदा दिलेलं बिल. कुणावर संशय नाही. घरचं माणूस लिहीत होतं म्हणून इतके दिवस याची आठवण झाली नाही, एवढंच.

१४ नोव्हेंबर

निर्णय.

पूर्णवेळ अकाउंटंट नाही. त्याला पुरेल एवढं काम नाही, आणि रिकामा दिसला की दादा त्याला माल आणायला पिटाळणार हे मला लख्ख दिसतंय. आठवड्यातून दोन दिवस येणारा हिशेबनीस: बिलं, व्हाउचर, पगार, बँकेचा ताळा. दुसऱ्या बाई तिमाहीला एकदा चालू कामांचा तक्ता तपासतील, विवरणपत्रं त्यांच्याकडे, आणि रोजंदारी-पोटकंत्राटाचा निकाल आधी लावतील. चौथा रकाना महिन्याच्या शेवटच्या शनिवारी फोरमन आणि मी. हे काम कुणालाही देता येणार नाही, हे दादालाही पटलंय.

पुन्हा विचार कधी करायचा तेही लिहितो. उघड्या साईट दुप्पट झाल्या, बँकेकडून कर्ज घ्यायचं ठरलं, किंवा मोठ्या टेंडरसाठी ऑडिट झालेले हिशेब मागितले, यांतलं काहीही झालं तर.

३० नोव्हेंबर

चालू कामांचा पहिला तक्ता. हिशेबनीस नवा असूनही त्याच्या बाजूचे तीन रकाने वेळेवर भरले.

चौथ्यासाठी फोरमनला घेऊन बसलो. गोदाम: अंदाज ८० चा ८३ झाला, अजून ठीक. मशीन भाड्याने आणतोय. दवाखान्याच्या ओळीवर मात्र तो अडखळला. उरलेल्या कामाचा आकडा सांगताना म्हणाला, "यात वरच्या मजल्यावरचे वाढीव पॉईंट धरू का? ते तर झालेत." कुठले वाढीव पॉईंट? डॉक्टरांनी साईटवर उभं राहून सांगितले, त्याने केले. वर्क ऑर्डरमध्ये नाहीत, मोजमापात नाहीत, बिलात नाहीत. माल आणि मजुरी मात्र आपली गेलेली.

छत बंद व्हायच्या आत संयुक्त मोजमाप व्हायला हवं. त्यांच्या इंजिनिअरला जादा कामाचं पत्र आजच दिलं, पॉईंटची यादी आणि फोटो जोडून. मंगळवारी साईटवर भेट ठरलीय. मोजमापावर सही झाली की दवाखान्याची ओळ पुन्हा मांडायची.